थांबलेले दाणे

“आज पण नाही थांबले, दादा.”

रेहाना मुजावर मायक्रोस्कोपच्या खोलीतून बाहेर आली आणि दाराला टेकून उभी राहिली. सकाळी आठपासून ती त्या अंधाऱ्या खोलीत बसली होती, त्यामुळे उजेडात डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती. मी प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात गुंतलो होतो. मान वर न करताच विचारलं, “किती पेशी झाल्या?”

“आजच्या चार. एकूण सतरा. एकीतही नाही.”

“पोटॅशियम ताजं केलं होतंस?”

“रोजच करते की.”

“मग द्रावण भरताना डिशला धक्का लागत असेल. घाई करू नकोस.”

ती परत आत गेली. ही गोष्ट शहाण्णव सालच्या एप्रिलची, पुण्यातली. मी पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि ती दुसऱ्या वर्षाला. मिरजेची मुलगी. वडील तिथल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. प्रयोगशाळेत आली त्या दिवसापासून ती मला श्रीरंगदादा म्हणायची. काच कशी धुवायची, पेशी कशा वाढवायच्या, चित्रण कसं करायचं, हे सगळं तिला मी शिकवलं होतं.

काय थांबायला हवं होतं तेही सांगतो. मेंदूतल्या पेशीला एक लांबलचक शेपटी असते. पेशीच्या पोटात तयार झालेला माल बारीक बारीक पुड्यांतून त्या शेपटीच्या टोकापर्यंत वाहून नेला जातो. आम्ही उंदराच्या गर्भातल्या पेशी काचेवर वाढवायचो, या पुड्यांना चमकणारा रंग द्यायचो आणि पडद्यावर त्या धावताना बघायचो. पडद्यावर त्या दाण्यांसारख्या दिसत, म्हणून आमच्या खोलीत त्यांना सगळे दाणेच म्हणत. एक पेशी दुसरीला जिथे भेटते तो जोड, म्हणजे सिनॅप्स. आपण काही शिकतो तेव्हा यातले काही जोड बळकट होतात, एवढं तेव्हा माहीत होतं. पण बळकट व्हायला लागणारा माल नेमक्या त्याच जोडापाशी उतरवायचा, हे त्या धावत्या दाण्यांना कसं कळतं, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

जानेवारीत मला ते दिसलं होतं. पोटॅशियमचं द्रावण घातलं की पेशी उत्तेजित होते. तसं केल्यावर मिनिटाभरात जोडापाशी आलेले दाणे थांबले. साधं द्रावण घातलेल्या डिशमध्ये मात्र ते धावत राहिले. आमचे गाइड डॉ. रेगे फार बोलणारे नव्हते, पण त्या दिवशी ते माझ्या शेजारी स्टुलावर बसून तासभर पडद्याकडे बघत होते. फेब्रुवारीत पेपर गेला. परीक्षकांचं उत्तर आलं की निष्कर्ष महत्त्वाचा आहे, आणखी काही पेशींवर करून दाखवा. मी प्रबंध लिहीत होतो, म्हणून सरांनी ते काम रेहानाकडे दिलं. पेपरवर तिचंही नाव येणार होतं. जूनमध्ये तिचं दोन वर्षांचं मूल्यमापन होतं आणि दाखवायला तिच्याकडे हे एवढंच होतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही कँटीनमध्ये जेवत होतो. ती नेहमीप्रमाणे डब्यातली अर्धी चटणी माझ्या ताटात वाढून म्हणाली, “दादा, एक विचारू? तुम्ही जानेवारीत बघितलंत तेव्हा जोडापासून लांबचे दाणे पण थांबले होते का?”

“लांबचे कशाला बघायचे? प्रश्न जोडाचा होता.”

“तसं नाही. सगळेच थांबले असतील तर मग ते जोडामुळे नाही ना.”

मी चिडलो. प्रश्न अगदी बरोबर होता आणि तो मला सुचला नव्हता, म्हणून चिडलो. “आधी थांबवून तर दाखव,” मी म्हणालो. “मग लांबचे-जवळचे बघू.”

शेजारच्या टेबलावरची दोन मुलं हसली. तिने डब्याचं झाकण लावलं.

त्याच आठवड्यात मावसबहिणीच्या लग्नासाठी ती मिरजेला गेली. रविवारी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. मी ठरवलं की आता स्वतःच करून टाकायचं. सोमवारी ती आली की तिला चित्रण दाखवायचं, म्हणजे विषय संपेल. सकाळी पोटॅशियमचं द्रावण केलं आणि नेहमीच्या जागी, बाहेरच्या खोलीत खिडकीशेजारच्या कडप्प्यावर ठेवलं. साधं द्रावण मोठ्या प्रमाणात केलेलं असायचं, ते कायम गरम पाण्याच्या भांड्यात सदतीस अंशांवर. पोटॅशियमचं रोज ताजं, म्हणून कडप्प्यावर. जानेवारीतही मी असंच करत होतो आणि तिलाही असंच दाखवलं होतं. पेपरात मात्र दोन्ही द्रावणं सदतीस अंशांवर होती असं लिहिलं होतं. लिहिताना खोटं लिहितोय असं वाटलं नव्हतं. तसंच असणार असं गृहीत धरलं होतं.

पहिल्या पेशीत दाणे थांबले नाहीत. दुसरीतही नाही. तिसऱ्या पेशीसाठी बाटली उचलली आणि ती हाताला चहाच्या ग्लासासारखी लागली. पश्चिमेची खिडकी, मे महिना, दुपारचे तीन. मी बाटली हातात धरून तसाच उभा राहिलो. जानेवारीत सकाळी सात वाजता मी स्वेटर घालून यायचो. तेव्हा ही बाटली कशी लागत होती, ते मला आठवलं.

मी फ्रिजमधून साध्या द्रावणाची साठ्यातली बाटली काढली. त्यात पोटॅशियमचा कणही नव्हता. तशीच थंडगार डिशमध्ये भरली आणि पडद्याकडे बघत बसलो. दाणे मंदावले आणि एका मिनिटात थांबले. जोडापाशी थांबले, जोडापासून लांब थांबले, जिथे होते तिथे थांबले. मग गरम द्रावण भरलं. हळूहळू सगळे चालायला लागले.

जोडाचा काही संबंध नव्हता. शिकण्याचा नव्हता, पोटॅशियमचा नव्हता. पाणी थंड होतं.

मी चित्रणाची कॅसेट काढली आणि पुन्हा वापरायच्या कॅसेटींच्या खोक्यात टाकली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिच्यावर नवं चित्रण करणार होतं. वहीत त्या रविवारचं पान मी लिहिलं नाही. बाहेर पडताना स्वतःला सांगत होतो की सरांना निवांत गाठून सांगू, आधी नीट विचार करू, एका दिवसाच्या कामावरून निष्कर्ष काढणं बरं नाही. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत मला जागा मिळत आली होती आणि ती या पेपरच्या भरवशावर होती. हेही मनात होतं. किंबहुना हेच होतं.

बुधवारी सरांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. रेहाना सोमवारीच परत आली होती. ती खांद्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. सरांनी तिचे आकडे समोर धरले.

“एकवीस पेशी,” सर म्हणाले. “एकवीसही नाही म्हणतायत. आता याचा अर्थ मी काय लावू?”

“मी सगळं सांगितल्याप्रमाणे केलंय, सर.”

“मिरजेच्या कॉलेजात प्रॅक्टिकलं कशी होतात ते मी बघितलंय. त्यात तुझा दोष नाही. पण हे काम हाताचं आहे.” सर माझ्याकडे वळले. “श्रीरंग, तू सांग. तुझ्या पद्धतीत आणि हिच्या पद्धतीत काही फरक आहे का?”

सरांचा आवाज शांत होता. ते खरोखर विचारत होते. मी त्या वेळी बोललो असतो तर त्यांनी ऐकून घेतलं असतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

“पद्धत तीच आहे, सर,” मी म्हणालो. “मी स्वतः दाखवली होती.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. बोलण्याआधी मी तेवढी काळजी घेतली होती.

रेहाना माझ्याकडे बघत होती. मी सरांच्या टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होतो.

“म्हणजे मग हाताचाच प्रश्न आला,” सर म्हणाले. “रेहाना, तुला काही म्हणायचंय?”

पिशवीचा बंद तिने दोन्ही हातांनी धरला होता.

“नाही, सर.”

जूनमधल्या मूल्यमापनात समितीने तिला याच विषयावर एक वर्ष वाढवून दिलं नाही. सरांनी विषय बदलून घे असंही सुचवलं होतं म्हणे, पण ती थांबली नाही. ती जायची त्या दिवशी मी वसतिगृहाच्या फाटकापाशी गेलो. तिचा भाऊ रिक्षात सामान ठेवत होता.

“कुठे अर्ज करणार असशील तर मी शिफारसपत्र देईन,” मी म्हणालो. “चांगलं लिहीन.”

“नको, दादा,” ती म्हणाली. “तुम्ही कशाला त्रास घेता.”

ती रागावलेली नव्हती. परक्या माणसाशी बोलावं तशी बोलली.

परीक्षकांनी मागितलेल्या पेशी मी जानेवारीच्या न वापरलेल्या चित्रणांतून काढल्या. चौदा निघाल्या. सरांनी त्यावर काही विचारलं नाही. पेपर नोव्हेंबरात छापून आला आणि मी जर्मनीला गेलो.

पुढची तेवीस वर्षं मी याच विषयात काढली. परत आलो, दक्षिणेत एका संस्थेत माझी स्वतःची प्रयोगशाळा झाली, विद्यार्थी झाले. तिथे आलेल्या प्रत्येकाकडून मी पहिल्या दिवशी द्रावणाचं तापमान लिहून घ्यायचो. नाडकर्णी सर तापमानाच्या बाबतीत विक्षिप्त आहेत, असं मुलं म्हणायची. दरम्यान माझ्याहून चांगली साधनं असलेल्या लोकांनी दाखवलं की उत्तेजित झालेल्या जोडांपाशी माल खरोखरच थांबतो. मी दाखवलं तसा नाही, बराच वेगळ्या रीतीने, पण थांबतो. त्यामुळे माझा पेपर कधी खोटा ठरलाच नाही. उलट, हे प्रथम कुणी पाहिलं म्हणून लोक त्याचा हवाला देत राहिले. दोन सन्मान मिळाले, त्या दोन्हींच्या मानपत्रात तो होता. मी दोन्ही वेळा तो परिच्छेद मान खाली घालून ऐकला आणि लोकांना तो विनय वाटला.

दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजने विज्ञान दिनाच्या व्याख्यानाला बोलावलं. पत्रावर प्राचार्यांची सही होती. मी पोहोचलो तेव्हा प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये ओळख करून दिली, “या आमच्या प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुख, मुजावर मॅडम. तुमचं नाव यांनीच सुचवलं.”

केस पांढरे झाले होते, चष्मा होता. तरी मी तिला लगेच ओळखलं.

“कशा आहात तुम्ही?” मी विचारलं.

“बरी आहे, सर,” ती म्हणाली. “चहा घ्या.”

प्राचार्य सभागृहाची व्यवस्था बघायला गेले. बाकीचे प्राध्यापकही उठले. आम्ही दोघंच उरलो आणि नकळत मी जुन्या सवयीवर आलो. “रेहाना, मला तुला काही सांगायचंय. त्या वेळी ते जे झालं, ते तुझ्या हाताचं नव्हतं. माझं द्रावण थंड होतं. मला—”

“मला माहीत आहे, दादा.”

“कसं?” मी विचारलं.

“लग्नाहून आले त्या सोमवारी मी खोक्यातून कॅसेट घेतली,” ती म्हणाली. “वापरायच्या आधी मी नेहमी चालवून बघायचे, वर कुणाचं काही राहिलंय का. तुम्हाला चित्रण करताना माइकमध्ये बोलायची सवय होती. तुमचा आवाज होता त्यावर. साधं द्रावण, थंड, पोटॅशियम नाही. मग सगळे दाणे थांबलेले. मग गरम, आणि सगळे चाललेले. मी तीनदा बघितलं.”

बोलायची सवय होती, हे खरं. त्या रविवारी मी बोललो होतो हे मला आठवतसुद्धा नव्हतं.

“मग सरांपुढे तू का बोलली नाहीस?”

“पिशवीतच होती कॅसेट.” तिने कप बशीत ठेवला. “मला वाटलं, दादा आज सांगणार. म्हणूनच बोलावलंय. तुम्ही सांगितलंत की मग मी बाहेर आल्यावर कॅसेट तुम्हाला द्यायची, असं ठरवून आले होते. सरांनी विचारलं तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. आणि तुम्ही म्हणालात, मी स्वतः दाखवली होती. तेव्हा मला इतकी लाज वाटली. माझी नाही. तुमची. पिशवीत हात घालवेना. पुढे वर्षभर त्याचाच राग यायचा, की लाज मला का वाटली.”

तिनेच पुढे सांगितलं.

“जाताना ती कॅसेट मी रेगे सरांच्या टेबलावर ठेवली. वर चिठ्ठी लावली, कृपया बघावी.”

“सरांनी बघितली?”

“बघितली असणार. सप्टेंबरात त्यांचं पत्र आलं. कॅसेटबद्दल एक अक्षर नाही. या कॉलेजात जागा निघाली आहे, अर्ज करावा, मी शब्द टाकतो, एवढंच. केला अर्ज. घरी बसण्यापेक्षा बरं होतं.”

सर जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. सप्टेंबर म्हणजे पेपर छापून यायच्या दोन महिने आधी. चौदा पेशी पाठवल्या तेव्हा सरांनी काही विचारलं नव्हतं, ते का, हे मला त्या स्टाफरूममध्ये कळलं. आणि कळल्यावर पहिल्यांदा काय वाटलं ते सांगितलं पाहिजे, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. मला हलकं वाटलं. सरांनाही ठाऊक होतं, म्हणजे मी एकटा नव्हतो, असं वाटलं. ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. रेहाना उठली आणि तिने खिडकीपाशी जाऊन पडदा नीट केला.

“चला, दादा,” ती म्हणाली. “मुली वाट बघतायत.”

सभागृहात शंभरएक मुलं-मुली होती, मुलीच जास्त. माझं व्याख्यान ठरलेलं होतं आणि त्यात तिसऱ्या मिनिटाला जानेवारी शहाण्णवचं ते चित्रण यायचं. आलं. पडद्यावर दाणे धावले आणि थांबले. रेहाना पहिल्या रांगेत बसली होती. या वेळी मी तिच्याकडे बघितलं.

“हे चित्रण चुकीचं आहे,” मी म्हणालो. “मी घातलेलं द्रावण थंड होतं. थंडीने हे दाणे थांबले. मी ते पेशीच्या शिकण्यामुळे थांबले असं छापलं.”

मुलं हसली. वाईट हसली नाहीत. एवढा मोठा माणूस स्वतःवर विनोद करतोय, असं त्यांना वाटलं. प्राचार्यसुद्धा हसले आणि शेजाऱ्याकडे वळून म्हणाले, “बघा, किती मोकळेपणा.” कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. मी हात वर करून थांबवायला गेलो, तर त्या वाढल्या.

टाळ्या संपल्यावर तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. “सर, पण मग दुसऱ्या कुणी करून बघितलं नाही का? आम्हाला मॅडम सांगतात, दुसऱ्याने केल्याशिवाय खरं मानायचं नाही.”

“बघितलं होतं,” मी म्हणालो. “आमच्याच प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थिनीने. तिचे दाणे थांबले नाहीत. तिला जमत नाही, असं आम्ही ठरवलं. मला तोवर कारण कळलेलं होतं. मी गप्प राहिलो.”

आता कुणी हसलं नाही.

“मग त्यांचं पुढे काय झालं, सर?”

मी माइकच्या दांड्याला हात लावून उभा होतो. नाव घेणं अवघड नव्हतं, दोन शब्दांचं नाव. पण ते घ्यायचा आपल्याला काही हक्क आहे का, हे मला ठरवता येईना.

रेहाना जागेवरून उठली आणि मुलींकडे वळली. “ती शिकवते,” ती म्हणाली. “बसा आता. पुढचा प्रश्न कोण विचारतंय?”

परत गेल्यावर मी तो पेपर छापलेल्या नियतकालिकाला पत्र लिहिलं. जे घडलं ते क्रमाने, तिच्या पूर्ण नावासकट. संपादकांचं उत्तर आलं की जिचं नाव आहे तिची लेखी संमती हवी. मी फोन केला. पलीकडे तासाची घंटा वाजत होती. मी पत्र वाचून दाखवलं, तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“माझं नाव काढा त्यातून,” ती म्हणाली.

“रेहाना, तुझं श्रेय आहे ते. तू बरोबर होतीस हे कुठेतरी लिहिलेलं असू दे.”

“मी बरोबर होते ते मला सोमवारीच कळलं होतं, दादा. ते तुमच्याकडून लिहून घ्यायची मला गरज नाही. यात माझं नाव आलं की वाचणारा म्हणेल, शेवटी यांनी तिला न्याय दिला. ते नको. पेपर तुमचा, चूक तुमची. तुमच्याच नावावर राहू दे.”

तास सुरू होतोय असं म्हणून तिने फोन ठेवला. मी पत्रातून तिचं नाव असलेली तीन वाक्यं काढली. पुढच्या अंकात तो खुलासा आला. अकरा ओळी होत्या, खाली माझी एकट्याची सही.